हजेरीबाहेरची कार्डे

या सत्रापासून आमच्या हाउसच्या सूचना फलकावर दर शनिवारी एक तक्ता लागतो. डावीकडे कॅडेटचे नाव, उजवीकडे त्याने आठवड्यात अँकीवर केलेल्या नवीन कार्डांची संख्या. पहिल्या तिघांच्या नावापुढे तारा. आता असे सुचवले जात आहे की पुढच्या सत्रात सगळ्यांची मर्यादा सारखी करावी, रोज ५० नवीन कार्डे. आणि ज्याची यादी रोज शून्यावर येईल त्याला हाउसचे गुण मिळावेत. यामागचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फलक लागल्यापासून संगणक कक्षात जागा मिळत नाही, हेही खरे. तरीही हा प्रस्ताव मान्य होऊ नये असे मला वाटते. त्यात जी गोष्ट मोजायला हवी ती मोजलेलीच नाही.

हे पान घरी आई-बाबाही वाचतात, म्हणून आधी थोडे अँकीविषयी. हा संगणकावरचा कार्डांचा गठ्ठा आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. आपण मनात उत्तर द्यायचे, कार्ड उलटायचे आणि किती आठवले त्याप्रमाणे चारपैकी एक बटण दाबायचे. नीट आठवले तर ते कार्ड जास्त दिवसांनी परत येते, विसरलो तर लगेच. शिकलेले किती वेगाने विसरते हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली लिहून ठेवले. विसरण्याच्या थोडे आधी उजळणी करायची ही सगळी कल्पना तिथून निघते. अँकी हे डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणले. नाव जपानी आहे, अर्थ पाठांतर. आपल्याला मात्र दोन अंकी, तीन अंकी यातले 'अंकी' ऐकू येते, आणि आमच्या हाउसमध्ये सध्या त्याचा उपयोगही त्याच अर्थाने चालला आहे.

गठ्ठ्याच्या नावापुढे तीन आकडे दिसतात. निळा म्हणजे आजची नवीन कार्डे, लाल म्हणजे आत्ता शिकत असलेली, हिरवा म्हणजे उजळणीची. फलकावर चढतो तो निळा. तो सगळ्यात सोपा आकडा आहे, कारण तो आपण स्वतः ठरवतो. सेटिंगमध्ये जाऊन २० चे ५० केले की झाले. हिरवा आकडा आपण ठरवत नाही. तो आपण पूर्वी केलेल्या निळ्या आकड्यांमधून तयार होतो.

याचा हिशोब करून पाहू. एक कार्ड आज शिकलो तर ते उद्या येते, मग साधारण तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग अडीच आठवड्यांनी, मग दीड महिन्याने. म्हणजे आज शिकलेले प्रत्येक कार्ड पुढच्या तीन महिन्यांतल्या पाच-सहा तारखा आपल्या नावावर लिहून जाते. त्यातली काही कार्डे आपण विसरतो, ती पुन्हा पहिल्या पायरीवर येतात आणि तारखा वाढतात. म्हणून सहसा असे धरतात की रोज जितकी नवीन कार्डे घ्याल त्याच्या दहापट उजळणी काही महिन्यांत रोज करावी लागेल. अँकी पहिल्यांदा उघडल्यावर जे आकडे असतात तेही याच प्रमाणात आहेत: नवीन २०, उजळणी जास्तीत जास्त २००. शिवाय नवीन कार्ड एकदा पाहून सुटत नाही. सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे ते दहा मिनिटांनी परत समोर येते, म्हणजे 'गुड' दाबत गेलो तरी एका नवीन कार्डाला दोन उत्तरे लागतात.

आमच्याकडे मोबाइल नाही. रात्रीच्या प्रेपमधली ४० मिनिटे संगणक कक्षात मिळतात. माझ्या आकडेवारीच्या पानावर एका उत्तराला सरासरी ८ सेकंद दिसतात, म्हणजे ४० मिनिटांत ३०० उत्तरे. रोज २० नवीन कार्डे घेणाऱ्याला २०० उजळणीची आणि ४० नवीनची अशी २४० उत्तरे द्यावी लागतील. ३२ मिनिटांत काम संपते, आठ मिनिटे हाताशी उरतात. रोज ५० घेणाऱ्याला ५०० आणि १००, एकूण ६०० उत्तरे. त्याला ८० मिनिटे हवीत. मिळणार आहेत ४०. हे पहिल्या आठवड्यात कळत नाही, कारण तेव्हा हिरवा आकडा लहान असतो आणि सगळे अगदी झकास चाललेले वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळते. तोवर फलकावरचे तारे वाटून झालेले असतात.

मग ५० वाले मागे का पडत नाहीत? फलकावर तर त्यांची यादी रोज शून्य दिसते. इथे उजळणीच्या मर्यादेची गोष्ट येते, आणि माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.

परेड स्टेट कॅडेटना माहीत आहे, पालकांसाठी सांगतो. सकाळी फॉल-इन झाल्यावर हाउस कॅप्टन रिपोर्ट देतो: एकूण इतके, हजर इतके, एम.आय. रूममध्ये इतके, रजेवर इतके. बेरीज जुळली पाहिजे. एक जरी कमी पडला तरी तो कुठे आहे हे शोधल्याशिवाय परेड पुढे सरकत नाही. आता समजा कोणी असा नियम केला की रिपोर्टमध्ये जास्तीत जास्त ५० जणांचीच नोंद करायची. हाउसमध्ये ९० जण आहेत. कॅप्टन ५० मोजेल, "सगळे हजर" म्हणून सॅल्यूट करेल, आणि उरलेले ४० बराकीत पांघरूण घेऊन पडले असतील. रिपोर्टमध्ये खोटे काहीच नाही. मोजले तेवढे खरोखर हजर आहेत.

उजळणीची मर्यादा नेमके हेच करते. आज ३५० कार्डांची मुदत आली असेल आणि मर्यादा २०० असेल, तर हिरवा आकडा २०० दाखवतो. ती संपली की अभिनंदनाचा संदेश येतो. त्याच्याखाली अँकी प्रामाणिकपणे असेही लिहिते की आजची मर्यादा संपली आहे पण उजळणीची कार्डे अजून बाकी आहेत, मर्यादा वाढवण्याचा विचार करा. ती ओळ कोण वाचतो? अभिनंदन वाचून सगळे उठतात आणि शेजारच्याला म्हणतात, "माझे झाले." राहिलेली १५० कार्डे उद्याच्या रांगेत जातात आणि उद्याही दिसणार नाहीत, कारण उद्याही २०० च दिसणार.

अँकी बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला नाही असे नाही. सध्याच्या आवृत्तीत उजळणीची मर्यादा नवीन कार्डांनाही लागू होते. २०० ची मर्यादा उजळणीनेच भरली असेल तर त्या दिवशी नवीन कार्ड एकही मिळत नाही. आधी जुनी उधारी फेडा, मग नवीन सामान. मला हा नियम फार आवडतो. आमच्या गल्लीतला वाणीही असेच करतो, फक्त तो तोंडाने सांगतो. पण या नियमाला एक खटका आहे. तो चालू केला की नवीन कार्डे उजळणीची मर्यादा जुमानत नाहीत आणि थकबाकी कितीही असली तरी रोज मिळत राहतात. तारा नवीन कार्डांवर मिळतो हे कळल्यावर हा खटका आमच्या संगणक कक्षात एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गोवरासारखा पसरला. मी त्यात कोणाला दोष देत नाही. जे मोजले जाईल ते मुले वाढवणार.

थकबाकी म्हणजे नुसता उशीर, असे काही जणांना वाटते. उद्या करू, काय बिघडते? बिघडते, आणि सगळ्या कार्डांचे सारखे बिघडत नाही. शंभर दिवसांनी येणारे कार्ड दहा दिवस उशिरा आले तर बहुधा ते आठवतेच. तीन दिवसांनी येणारे कार्ड दहा दिवस थांबले तर ते जवळजवळ नव्याने शिकावे लागते. म्हणजे रांगेत अडकल्याने नुकसान होते ते ताज्या कार्डांचे, जी अजून पक्की झालेली नाहीत. आणि ही ताजी कार्डे कुठून आली? मागच्या आठवड्यात तारा मिळवण्यासाठी घेतलेली ती हीच. शनिवारी फलकावर ती 'केलेली' म्हणून लागली, पुढच्या शनिवारपर्यंत डोक्यातून गेली, तरी फलकावरचा आकडा कमी झाला नाही. रांगेत आधी कोणते कार्ड घ्यायचे हे सेटिंगमध्ये बदलता येते आणि त्याने नुकसान थोडे कमीही होते, पण जितकी उत्तरे देता येतात त्याहून जास्त कार्डे रांगेत येत असतील तर क्रम बदलून रांग संपत नाही.

मर्यादाच नको असे मात्र मी म्हणत नाही. सुट्टीवरून परत येणाऱ्याला ती हवीच. दिवाळीनंतर आमच्या वर्गातल्या एकाच्या गठ्ठ्यात ८०० कार्डे वाट पाहत होती. हा आकडा पाहून माणूस संगणक बंद करतो आणि पुन्हा महिनाभर उघडत नाही. आमचे ड्रिलचे उस्तादसुद्धा सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाच किलोमीटर पळवत नाहीत. तोंडाने कितीही ओरडले तरी दोनच पळवतात. ८०० ची थकबाकी असताना २०० ची मर्यादा हे तेच आहे. चार दिवसांत संपणार नाही, विसरलेली कार्डे परत येतील म्हणून आठवडाभर लागेल, पण तोवर नवीन कार्डे बंद राहतील आणि आपण फेडतो आहोत हे आपल्याला माहीत असेल. अशी मर्यादा उघड्या डोळ्यांनी, ठरावीक दिवसांसाठी घातलेली असते. माझे भांडण कायमच्या मर्यादेशी आहे, जिच्यामागे काय साठले आहे ते कोणी पाहतच नाही.

शिवाय सगळ्यांना एकच आकडा लावायचा तर आधी सगळ्यांचे कार्ड एक असायला हवे. ते नाही. एक जण इंग्रजी शब्दाची एक नोंद करतो आणि अँकी त्याची दोन कार्डे बनवते, शब्दावरून अर्थ आणि अर्थावरून शब्द. त्याची २० कार्डे म्हणजे १० शब्द. दुसरा एकाच बाजूने विचारतो, त्याची २० म्हणजे २० शब्द. तिसऱ्याने एका कार्डावर पानिपतच्या तिसऱ्या लढाईची सगळी कारणे कोंबली आहेत. त्याला एका उत्तराला मिनिट लागते. गठ्ठ्यांच्या आत गठ्ठे असले तर आणखी गंमत. इतिहास, भूगोल, विज्ञान अशा तिन्ही गठ्ठ्यांना २० ची मर्यादा आहे आणि त्यांच्या वरच्या मोठ्या गठ्ठ्यालाही २० ची आहे. मोठा गठ्ठा उघडून बसलो तर सगळी मिळून २० नवीन कार्डे मिळतात. आतले तीन एकेक करून उघडले तर नेहमीच्या सेटिंगवर ६० पर्यंत मिळू शकतात. तीच मर्यादा, तीच कार्डे, फक्त दार वेगळे. अशा आकड्यांची फलकावर तुलना करून काय कळणार?

आणि शून्यावर गुण दिले तर बोटे खोटे बोलू लागतील. कार्ड विसरले तर 'अगेन' दाबायचे असते. ते दाबले की कार्ड परत येते, लाल आकडा वाढतो, शून्य लांबते. 'हार्ड' दाबले तर अँकी समजते की कष्टाने का होईना पण आठवले, आणि विसरलेले कार्ड पुढे सरकते. हे पाहायला कोणी नसते. परेडमध्ये डावा पाय चुकला तर मागच्याला दिसतो. इथे फक्त आपल्याला माहीत असते. आज बरेच जण प्रामाणिकपणे 'अगेन' दाबतात, कारण त्यात त्यांचे काही जात नाही. उद्या त्यासाठी हाउसचे गुण जाणार असतील तर मी तरी कोणाची हमी देणार नाही.

यात सगळ्यात जास्त कोणाचे जाईल ते सांगतो. नववीत आलेला एक मुलगा आहे, मराठी माध्यमातून. आमच्या शाळेत मराठी बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे एकटा असला की तो मला दादा म्हणतो. चारचौघांत अर्थात 'सर' म्हणावे लागते. गणितात तो माझ्या पुढे आहे. पण विज्ञानाच्या पुस्तकातले प्रत्येक तिसरे वाक्य त्याला अडते. त्याने स्वतःचा गठ्ठा बनवला आहे. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ आणि पुस्तकातले ते वाक्य. रोज १२ नवीन. त्याची थकबाकी शून्य आहे, खरी शून्य. जूनमध्ये घेतलेले शब्द त्याला आजही येतात, मी विचारून पाहिले आहेत. फलकावर त्याचे नाव शेवटून दुसरे असते. त्याला ५० ची सक्ती केली तर तो ५० करेल, कारण तो आज्ञाधारक आहे, आणि दोन महिन्यांत त्याच्या हातात १२ सुद्धा उरणार नाहीत. एन.डी.ए.च्या लेखी परीक्षेत ९०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. ते त्याला इथल्या अर्ध्या मुलांपेक्षा जास्त कष्टाने मिळवायचे आहेत. त्याच्याकडे जी एक पद्धत नीट चालू आहे ती तरी मोडू नये.

माझी सूचना साधी आहे. नवीन कार्डे किती घ्यायची हे ज्याचे त्याने आपल्या ४० मिनिटांवरून ठरवावे. २० हा आकडा सुरुवातीला ठीक आहे. दोन आठवडे लागोपाठ वेळ कमी पडला तर १५, तरीही पडला तर १०. उजळणीची मर्यादा इतकी मोठी ठेवावी की ती कधी आड येणारच नाही. तो खटका बंद असावा. आणि हाउस ट्यूटर सरांना काही पाहायचेच असेल तर त्यांनी महिन्यातून एकदा आकडेवारीच्या पानावर येणाऱ्या दिवसांचा आलेख उघडून 'बॅकलॉग' या चौकोनावर खूण करावी. मर्यादेमागे लपलेली सगळी कार्डे त्यात उभी राहतात. तो आकडा फलकावर लावू नये. ज्याचा मोठा आहे त्याला बोलावून विचारावे, तुझी नवीन कार्डे आठवडाभर बंद करू का. शनिवारच्या तक्त्याची जागा हॉकीच्या निकालांना द्यावी, असेही मी म्हणेन. पण तो माझा जुना आग्रह आहे, त्याचा कार्डांशी संबंध नाही.

आता हिवाळी सुट्टी येते आहे, त्याबद्दल थोडे. घरी जाण्याच्या दहा दिवस आधी नवीन कार्डांची मर्यादा शून्य करा. उजळणी आपोआप उतरत जाते आणि घरी रोज १५ मिनिटांत, म्हणजे शंभर-सव्वाशे उत्तरांत, बहुतेकांचे भागते. आई-बाबांना विनंती की ही १५ मिनिटे फोन द्यावा. अँड्रॉइडवर हे मोफत चालते. आयफोनवरचे ॲप विकत घ्यावे लागते, पण ब्राउझरमधून अँकीच्या संकेतस्थळावर तीच कार्डे फुकट करता येतात.

नववीतल्या त्या मुलाच्या घरी एकच फोन आहे आणि तो बाबांबरोबर शेतावर जातो. त्याच्यासाठी आम्ही बुटांचा रिकामा खोका घेतला आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सांगितलेली पद्धत: आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे, पहिला सगळ्यात लहान. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेले परत पहिल्यात. पहिला कप्पा आम्ही त्याच्या बोटाने मोजून दोन पेरांचा केला आहे. तो भरलेला असला की नवीन कार्ड आत जात नाही. दाबून घातले तर खोक्याचे झाकण लागत नाही.